घोरणारे लेकरू : गाढ झोप की अडलेला श्वास?

लेकरू घोरू लागले की घरातली म्हातारी माणसे कौतुकाने म्हणतात, "दिवसभर खेळून दमलं बिचारं, कसं गाढ झोपलं पहा!" बाप घोरतो, आजाही घोरत होता, मग नातू घोरला तर नवल ते काय, असा हा समज आहे. आमच्याकडे आयाबहिणी मुलांच्या अनेक तक्रारी घेऊन येतात. पोर अंगाला लागत नाही, शाळेत चित्त नाही, आठ वर्षांचा झाला तरी अंथरूण ओले करतो, असे सांगतात. मात्र "रात्री घोरतो" ही तक्रार क्वचितच कोणी सांगते. आम्ही विचारल्यावर उत्तर येते, "हो, घोरतो ना, पण त्याचं काय?"

त्याचे पुष्कळ काही आहे. सर्दीपडशात चार-आठ दिवस नाक वाजले तर काळजीचे कारण नाही. पण सर्दी नसताना, आठवड्यातून तीन रात्रींहून अधिक, महिनोन् महिने जे मूल घोरते, त्याच्या श्वासाची वाट झोपेत अरुंद होत असते. काहींची वाट मधूनमधून पूर्ण बंदही होते. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून शंभर मुलांमागे साधारण १ ते ५ मुलांना हा विकार असतो, असे वैद्यकशास्त्र मानते. म्हणजे आपल्या शाळेच्या प्रत्येक मोठ्या वर्गात असे एखादे मूल बसलेले असू शकते. त्याला ओळखावे कसे व त्याच्यासाठी करावे काय, हे या लेखात पाहू. सोबतच लहान मुलांच्या श्वासाचे जे दुसरे दुखणे अचानक येते व एका रात्रीत जिवावर बेतते, त्याचीही माहिती करून घेऊ.

श्वास अडतो कसा?

विहिरीवरच्या इंजिनाचा ओढणारा पाइप आपण सर्वांनी पाहिला आहे. हा पाइप कडक असतो. तेथे मऊ रबरी नळी लावली आणि खालच्या जाळीत कचरा अडकला, तर इंजिन जितक्या जोराने पाणी ओढेल तितकी ती नळी आत चिपकते. इंजिन धडधडत राहते, पाणी मात्र येत नाही.

मुलाच्या घशाचे तसेच आहे. नाकामागून घशापर्यंतचा मार्ग हाडाचा नसून मऊ मांसाचा असतो. जागेपणी तेथील स्नायू ताठ राहून वाट उघडी ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. आता त्या वाटेत अडथळा असेल, तर छाती जोराने हवा ओढते आणि मऊ भिंती एकमेकींना चिपकतात. वाट अर्धी मिटली की भिंती थरथरतात. तो आवाज म्हणजे घोरणे. वाट पूर्ण मिटली की आवाज थांबतो, पोट व छाती मात्र हलत राहतात. काही क्षणांनी मेंदूला धोका कळतो, तो मुलाला अर्धवट जागे करतो, मूल हुंदका दिल्यासारखा मोठा श्वास घेते, कूस बदलते व पुन्हा झोपते. एका रात्रीत असे कित्येकदा घडते. सकाळी मुलाला यातले काही आठवत नाही.

मुलांत हा अडथळा बहुधा दोन गाठींचा असतो. घशाच्या दोन्ही बाजूंस टॉन्सिल असतात. तोंड उघडून पाहिले तर ते दिसतात. दुसरी गाठ नाकाच्या मागे, टाळूच्या वर असते. तिला ॲडिनॉइड म्हणतात. ती बाहेरून दिसत नाही. सुमारे दोन ते आठ वर्षांच्या वयात या गाठी घशाच्या मानाने सर्वांत मोठ्या असतात, म्हणून हा विकारही याच वयात अधिक आढळतो. नाकाची जुनी ॲलर्जी, लठ्ठपणा, जन्मतः लहान जबडा, डाऊन सिंड्रोम, स्नायूंची कमजोरी ही इतर कारणे होत. काडीसारखे बारीक मूलही घोरू शकते, हे ध्यानात असू द्यावे.

रात्री काय पाहावे?

यासाठी पहिली तपासणी आईबापच करू शकतात. रात्री जागलीला जाणारा शेतकरी जसा कान देऊन वावर राखतो, तसे दोन-तीन रात्री मुलाजवळ बसावे. मूल झोपून दोन-तीन तास झाल्यावर एकदा व पहाटे एकदा, असे अर्धा अर्धा तास पाहावे. पहाटेची वेळ महत्त्वाची आहे, कारण बहुधा त्या वेळी श्वास अधिक अडतो. अंगातला सदरा वर करून छाती-पोट दिसेल असे ठेवावे आणि पुढील गोष्टी टिपाव्या.

१. घोरण्याचा आवाज दाराबाहेर ऐकू येतो काय?
२. घोरता घोरता आवाज एकदम थांबतो, छाती हलत राहते, आणि मग हुंदका वा धसका देऊन श्वास सुरू होतो, असे होते काय?
३. तोंड उघडे ठेवून, मान मागे टाकून मूल झोपते काय? पालथे पडून, गुडघे पोटाशी घेऊन झोपते काय? श्वासाची वाट मोकळी करण्याचे हे मुलाचे स्वतःचे प्रयत्न असतात.
४. श्वास घेताना गळ्याखालचा खळगा व बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते काय?
५. थंडीतही डोके घामाने भिजते काय? रात्रभर अंथरुणात लोळते काय?
६. पूर्वी बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले काय?

घरोघरी आता मोबाइल आहे. त्यावर दोन-चार मिनिटांचे चित्रण करून ठेवावे. दिवसा दवाखान्यात नेलेले मूल हसत-खेळत असते. डॉक्टरांना रात्रीची गोष्ट नुसती सांगून कळत नाही, चित्रण पाहून चटकन कळते.

अगदी तान्ह्या बाळाबद्दल एक खुलासा हवा. पहिल्या काही महिन्यांत बाळ झोपेत भरभर श्वास घेते, मग पाच-दहा सेकंद थांबते, पुन्हा घेते. रंग गुलाबी असेल, अंग सैल पडत नसेल, तर हे स्वाभाविक आहे. परंतु श्वास वीस सेकंद वा अधिक थांबला, किंवा त्याहून कमी वेळ थांबूनही बाळ निळे-पांढरे पडले अथवा ढिले पडले, तर क्षणही न घालवता दवाखाना गाठावा.

दिवसा काय दिसते?

मोठ्या माणसाची झोप मोडली तर तो दिवसा पेंगतो. मुलाचे बहुधा उलटे होते. झोप न झालेले मूल चिडचिडे, हट्टी व चंचल होते. एका जागी बसत नाही, शिकवलेले लक्षात राहत नाही. मास्तर म्हणतात मस्तीखोर, बाप म्हणतो आळशी, आणि पाठीवर धपाटे बसतात. वाढीचे द्रव्य शरीरात मुख्यत्वे गाढ झोपेत स्रवते. ती झोपच तुटत राहिली, शिवाय रात्रभर श्वास ओढण्यात शक्ती खर्च झाली, की मूल चांगले खाऊनही अंगाला लागत नाही. सकाळी डोके दुखणे, तोंड कोरडे पडणे, सतत तोंडाने श्वास घेणे, नाकातून बोलणे, घास गिळायला फार वेळ लागणे, कान वरचेवर भरणे व कमी ऐकू येणे, हीही या विकाराची चिन्हे आहेत. विकार फार तीव्र असून वर्षानुवर्षे दुर्लक्षिला गेला, तर फुप्फुसांतील रक्तदाब वाढून हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो.

हे ज्ञान फार जुने आहे व तितकेच वेळोवेळी विसरलेलेही आहे. नाकामागच्या त्या गाठीचे व तिच्यामुळे होणाऱ्या त्रासाचे वर्णन कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर या डॉक्टरांनी १८६८ साली केले. लंडनच्या विल्यम हिल यांनी १८८९ साली लिहिले की, शाळेत मंद ठरवलेली काही मुले वास्तविक नाक-घसा तुंबलेली असतात, आणि वाट मोकळी केल्यावर त्यांच्यात सुधारणा होते. पुढे १९७६ साली अमेरिकेत गिलेमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ मुलांची झोप यंत्रांनी रात्रभर मोजून दाखवली, तेव्हा झोपेत श्वास अडण्याचा हा बालरोग म्हणून नीट ओळखला गेला. तेव्हा ज्या मुलाला आपण मठ्ठ म्हणून हिणवतो, अंथरूण ओले केले म्हणून चारचौघांत लाजवतो, त्याची रात्र कशी जाते हे आधी पाहावे. दोष नसताना शिक्षा भोगणारे मूल आपल्या घरात असू नये.

उपचार कोणते?

प्रथम बालरोगतज्ज्ञ वा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. ते घसा पाहतात, नाक तपासतात, गरज वाटल्यास मानेचा बाजूने एक्स-रे काढतात किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून गाठ पाहतात. रोगाचे खरे माप घेण्याची तपासणी म्हणजे रात्रभर मुलाला झोपवून श्वास, रक्तातील प्राणवायू, मेंदू व हृदय यांची नोंद घेणे. ही सोय मोठ्या शहरांतच मिळते व प्रत्येक मुलाला ती करावीच लागते असेही नाही. मुलाची लक्षणे, चित्रण व तपासणी यांवरून डॉक्टर पुष्कळदा निर्णय घेऊ शकतात.

सौम्य विकारात, विशेषतः नाकाची ॲलर्जी असल्यास, डॉक्टर नाकात मारावयाचा औषधी फवारा काही आठवडे देतात. त्याने सूज उतरून गाठ आकसते. हा फवारा आठ दिवसांत बंद करू नये, आणि सांगितल्याहून अधिक काळ चालूही ठेवू नये. दुकानात मिळणारे नाक झटकन मोकळे करणारे थेंब ही वेगळी वस्तू आहे. ते मुलांना आपल्या मनाने घालू नयेत. सर्दीने नाक बंद असल्यास औषधी दुकानात मिळणारे निव्वळ मिठाच्या पाण्याचे थेंब पुरेसे असतात. मूल लठ्ठ असेल तर वजन आटोक्यात आणणे हाही उपचारच होय.

टॉन्सिल व ॲडिनॉइड मोठे असून श्वास खरोखर अडत असेल, तर दोन्ही काढण्याची शस्त्रक्रिया हा मुख्य उपचार आहे. येथे पुष्कळ घरे कचरतात. "टॉन्सिल काढले की पोर कमजोर होते", "आवाज जातो", अशा गोष्टी गावात फिरतात. शरीराचे रोगाशी झुंजणारे दल अन्यत्रही पुष्कळ आहे, म्हणून या गाठी काढल्याने मूल कमजोर होत नाही. आवाज जात नाही, उलट नाकातले बोलणे बहुधा सुधारते.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. गाठी नुसत्या मोठ्या दिसल्या म्हणून काढणे बरोबर नव्हे. अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी ठीक आली. लक्ष ठेवून वाट पाहिलेल्यांतही ४६ टक्के मुलांची तपासणी आपोआप ठीक झाली. वागणूक, झोप व एकंदर जीवनमान मात्र शस्त्रक्रिया झालेल्यांचे अधिक सुधारले. यावरून बोध असा की, सौम्य विकारात डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने थांबता येते, पण तीव्र विकारात थांबणे हिताचे नसते. कोणते मूल कोणत्या गटात, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे आहे. शस्त्रक्रियेनंतरही श्वास अडत राहिला तर झोपेत नाकावर मुखवटा लावून हवेचा हलका दाब देणारे यंत्र वापरतात.

शस्त्रक्रियेनंतर आठवडा-दोन आठवडे घसा दुखतो. पाणी व पातळ पदार्थ सतत द्यावे, कारण कोरडा घसा अधिक दुखतो. तिखट, चिवडा, कडक भाकरी टाळावी. घशात पांढरी खपली दिसते, ती पू नव्हे. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास खपली सुटताना कधी रक्त येते. ताजे लाल रक्त थुंकीत दिसले किंवा मूल वारंवार काही गिळत आहे असे वाटले, तर तडक दवाखान्यात न्यावे. त्या दिवसांत दूरच्या गावी लग्नाला जाऊ नये. दुखण्यावर डॉक्टरांनी लिहिलेले औषधच द्यावे. ॲस्पिरिन देऊ नये. कोडीन असलेले औषध बारा वर्षांखालील मुलांना मुळीच चालत नाही, कारण त्याने श्वास मंदावून मुले दगावल्याची उदाहरणे घडली आहेत.

आपल्या भागासाठी एक खास सूचना. विदर्भात व मध्य प्रदेशच्या अनेक जिल्ह्यांत सिकल सेलचा आजार आहे. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम आपल्याच राज्यातील शहडोलहून सुरू झाली. सिकल सेल असलेल्या मुलाचा रात्री प्राणवायू कमी झाला, तर त्याचे दुखणे उसळू शकते. अशा मुलाचे घोरणे मुळीच दुर्लक्षू नये, आणि कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना सिकल सेलबद्दल स्पष्ट सांगावे. रक्त तपासलेले नसल्यास आधी तपासून घ्यावे.

खर्चाची चिंता वाटणे साहजिक आहे. पांढुर्णा व सौंसर येथील शासकीय दवाखान्यात प्रथम दाखवून तेथून चिठ्ठी घ्यावी. पुढे छिंदवाड्याचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि नागपूरला मेडिकल, मेयो व एम्स आहेत. आयुष्मान कार्ड राज्याबाहेरच्या नोंदणीकृत रुग्णालयातही चालते. तथापि हवी ती शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात कार्डावर होते की नाही, हे भरती होण्यापूर्वी विचारावे. अंगणवाडीत व सरकारी शाळेत मुले तपासायला आरोग्य पथक येते, त्यांनाही घोरण्याबद्दल आवर्जून सांगावे.

अचानक चढणारा श्वास

आतापर्यंत सांगितला तो महिनोन् महिने चालणारा विकार. दुसरा शत्रू घाईचा आहे, तो म्हणजे न्यूमोनिया. सर्दी-खोकला, ताप, मग धाप लागते, पोट उडू लागते. आपले हिंदी बोलणारे शेजारी यालाच पसली चालणे म्हणतात. हा ओळखायला यंत्र लागत नाही, घड्याळ पुरते.

मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, सदरा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावे. पोट वर येऊन खाली गेले की एक श्वास. पुढीलप्रमाणे वा त्याहून अधिक भरल्यास तो जलद श्वास समजावा :

दोन महिन्यांखालील बाळ : मिनिटाला ६०.
दोन महिने ते एक वर्ष : मिनिटाला ५०.
एक ते पाच वर्षे : मिनिटाला ४०.

तान्ह्या बाळाचे ६० भरले तर थोडे थांबून पुन्हा एकदा मोजावे. आकडा खरा निघाल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत खचत असेल, मूल दूध-पाणी पीत नसेल, सारे ओकत असेल, झटके येत असतील, जागे करूनही जागे होत नसेल, ओठ निळे पडले असतील, किंवा शांत असतानाही श्वासातून घर्र आवाज येत असेल, तर रात्र असली तरी १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. सकाळची वाट पाहू नये.

नुसते श्वास मोजण्यात किती बळ आहे, हे विदर्भानेच जगाला दाखवून दिले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील आरोग्यसेवकांना व दायांना न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकवले. ज्यांना साठपर्यंत मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी एका मिनिटाची वाळू व मणी असलेले साधे साधन बनवले. १९९० साली हा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या मानाने ५४ टक्क्यांनी कमी आढळले. अक्षरओळख नसलेल्या दाया जे करू शकल्या, ते आपल्या शिकलेल्या सुनांना व लेकींना का करता येऊ नये? आशाताईंनाही हे मोजणे शिकवलेले असते. शंका आल्यास त्यांना हाक मारावी.

पोट उडते म्हणून बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे वा सळईचे डाग देण्याची चाल मेळघाटात व मध्य प्रदेशच्या काही भागांत अजून आहे. शहडोल जिल्ह्यात २०२३ साली असे डाग दिलेल्या बालिका दगावल्या. डागाने फुप्फुसातील जंतू मरत नाहीत. जळालेल्या कातडीतून नवे जंतू शिरतात, आणि उपचाराची मोलाची वेळ निघून जाते. शेजारीपाजारी कोणी असे करीत असल्यास भांडू नये, पण बाळाला उचलून दवाखान्यात नेण्यास मदत करावी. न्यूमोनियापासून बचाव करणारी पी.सी.व्ही. लस सरकारी केंद्रात मोफत मिळते. ती दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने या वयात देतात. एकही टाळू नये.

खोकल्याची बाटली

श्वासाच्या या गोष्टीत एक दुःखद प्रकरण आपल्या अगदी दाराशी घडले, ते विसरता येत नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात साध्या सर्दी-खोकल्याची लहान मुले लघवी बंद होऊन आजारी पडू लागली. पुष्कळांना नागपूरला हलवण्यात आले. त्यांना कोल्ड्रिफ नावाचे खोकल्याचे औषध दिले गेले होते. तामिळनाडूत तयार झालेल्या त्या औषधात तपासणीअंती डायएथिलिन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे विष ४८.६ टक्के निघाले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. वीसहून अधिक बालके दगावली. ४ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्यात त्या औषधावर बंदी आली.

दोष त्या आईबापांचा नव्हता. त्यांनी लेकरासाठी औषध आणले होते. पण यातून आपण शिकले पाहिजे. केंद्र सरकारच्या आरोग्य महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कळवले की, खोकला-सर्दीची औषधे दोन वर्षांखालील मुलांना देऊच नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांना सर्वसाधारणपणे शिफारस करू नये. सर्दीच्या औषधांतील क्लोरफेनिरामिन व फिनायलेफ्रिन हे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश डिसेंबर २०२३ मध्येच निघाला होता. शुद्ध असले तरी यातील बरीच औषधे गुंगी आणतात. रात्री मूल शांत झोपले म्हणून आईला बरे वाटते. परंतु ज्याची वाट आधीच अडलेली आहे, त्याला गुंगीत जागे होऊन श्वास घेणे आणखी कठीण जाते.

मग खोकला लागला तर काय द्यावे? एक वर्षावरील मुलाला चमचाभर मध, कोमट पाणी, भरपूर पातळ आहार. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. बहुतेक सर्दी-खोकला आपोआप बरा होतो. आईने पाहावयाचे ते श्वासाची गती आणि वर सांगितलेली धोक्याची चिन्हे.

झोपण्याची जागा

उपचाराइतकेच महत्त्व घरातल्या हवेला आहे. पऱ्हाटी व तुराटी पेटवलेल्या चुलीचा धूर नाक-घशाची आतली कातडी सुजवतो. चुलीजवळ वा त्याच खोलीत मुलांना झोपवू नये. गॅस असेल तर निदान रात्रीचा स्वयंपाक त्यावर करावा. बिडी-सिगारेट घराबाहेर ओढावी, आणि सोडता आली तर उत्तमच. बंद खोलीत रात्रभर डासांची कॉइल जाळण्यापेक्षा मच्छरदाणी हजारपट बरी. सवंगणी, मळणी व कापूस साठवणीच्या दिवसांत धूळ व तंतू घरभर उडतात. कापसाचा ढीग व मुलांचे अंथरूण एका खोलीत नको. फवारणीचे औषध, पंप व रिकामे डबे तर झोपायच्या घरात कधीही नकोत.

तान्ह्या बाळाला नेहमी उताणे, सपाट व जरा कडक अंथरुणावर झोपवावे. डोक्याखाली उशी नको, तोंडावरून पांघरूण नको. संत्र्याच्या बागेत वा वावरात कामाला गेल्यावर झाडाला लुगड्याची झोळी बांधून बाळ निजवण्याची आपली रीत आहे. झोळीत बाळ वाकून त्याची हनुवटी छातीला टेकली की श्वासाची नळी दुमडते. म्हणून झोळीतले बाळ नजरेआड करू नये, मान सरळ व तोंड उघडे राहील असे पाहावे, आणि जमेल तेव्हा सावलीत सपाट जागी निजवावे.

चार वर्षांखालील मुलाच्या हाती शेंगदाणे, फुटाणे, बियांसकट संत्र्याची फोड देऊ नये. तोंडात घास ठेवून झोपू देऊ नये. खेळता-खाता एकदम ठसका लागून नंतर खोकला वा एका बाजूची घरघर राहिली, तर दाणा श्वासनळीत गेला असे समजून मोठा दवाखाना गाठावा, मग मूल तासाभराने शांत झाले असले तरी.

थोडक्यात सांगावयाचे तर कामे तीन. जे मूल रोज घोरते, त्याच्याजवळ दोन रात्री बसून पाहावे व चित्रण घेऊन डॉक्टरांकडे जावे. ज्या मुलाला धाप लागली, त्याचे श्वास घड्याळ लावून मोजावे व आकडा वाढला की निघावे. आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय खोकल्याची बाटली घरात आणू नये. संत्र्याच्या झाडाचे एक पान पिवळे पडले तरी आपण बागेत थांबून पाहतो. आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी आपल्या लेकरांच्या उशाशीही थोडा वेळ थांबावे व कान द्यावा, एवढेच आमचे सांगणे.